केळीचा गाभा पाहायला चोपड्याला

पुण्यात माझ्या ओळखीतलं कोणी चोपड्याला गेलेलं नाही. जाण्यासारखं तिथं काही आहे असं कोणाला वाटतही नाही. गेल्या जानेवारीत मी पाच दिवस खानदेशात होतो. परतल्यावर कॉलेजातल्या मंडळींनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हणालो, "केळीची दोन खोडं." मंडळी हसली, चहा आला, विषय बदलला. तेव्हापासून मनात होतं की हे एकदा नीट लिहून काढावं. त्या खोडांपायी माझं आणि वडिलांचं बोलणं तीन वर्षं तुटल्यासारखं झालं होतं, आणि ते जोडायचं राहूनच गेलं.

मी पाली शिकवतो. वर्गात नऊ मुलं, त्यांतली चार झोपलेली असतात. उरलेल्या पाचांना दरवर्षी मी केळीचा दृष्टांत शिकवतो. लाकडाचा गाभा हवा असलेला एक माणूस कुऱ्हाड घेऊन रानात जातो. त्याला केळीचं भलंथोरलं झाड दिसतं. तो ते तोडतो आणि सोपटं सोलत बसतो. एका सोपटाखाली दुसरं, दुसऱ्याखाली तिसरं, आणि शेवटी हातात काहीच नाही. माणूस 'मी, मी' म्हणतो ते असंच आहे, सोलून पाहिलं तर आत कोणी बसलेलं नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या समाजात हा दृष्टांत विहारातल्या प्रवचनापासून मयतीनंतरच्या जलदान विधीपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतो.

माझे वडील, म्हणजे आबा, तो वेगळा सांगत. ते चौथी शिकलेले. तरुणपणी चोपड्याकडे केळीच्या बागांत मजूर होते. पुढे धुळ्याला गिरणीत लागले आणि देवपुरातल्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. सुटीच्या दिवशी ते बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावत, मयतीनंतरचे विधी करत. त्यासाठी त्यांचा एक पांढरा सदरा ठरलेला होता. त्याच्या छातीवर आणि बाहीवर तपकिरी डाग होते. मला त्या डागांची लाज वाटे. पहिल्या पगारात मी त्यांना नवा सदरा घेऊन दिला होता. त्यांनी तो हातात धरून पाहिला, घडी मोडली नाही.

आई गेली तेव्हा मी नुकताच डॉक्टर झालो होतो, कागदावरचा. केळीच्या दृष्टांतावर माझ्या प्रबंधात एक सबंध प्रकरण होतं. विधीला साठेक माणसं जमली होती. आबा डागाच्या सदऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "केय निसवाना पहिले कापी, त मझार काहीच नई. निसवनी का मझार पांढरा दांडा येस. बठ्ठा घड त्यानावर तोलायेल ऱ्हास. हाई बाईमा तसा गाभा व्हता." मझार म्हणजे आत, बठ्ठा म्हणजे सगळा, आणि निसवणं म्हणजे केळीच्या शेंड्यातून कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर पडणं, एवढं मला ठाऊक होतं. पण माझ्यातला विद्वान तिथंच उठून बसला. मी मोठ्यानं म्हणालो, "आबा, ग्रंथात असं नाहीये. केळीत गाभा नसतो, हेच तर सांगायचंय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडून माणसांना म्हणाले, "बरोबर शे. साहेब सांगतस तेच लिखेल शे." आणि खाली बसले. त्यानंतर ते कुठल्याही विधीत बोलायला उभे राहिले नाहीत. घरी मला साहेबच म्हणत राहिले, तेही न रागावता. दोन हिवाळे मी सुटीत गेलो, आम्ही समोरासमोर बसून जेवलो, आणि त्यांनी मला "साहेब, भाकर आनू का?" असं विचारलं. तिसऱ्या हिवाळ्यात ते गेले.

त्या जानेवारीत थोरल्या बहिणीचं, अक्काचं, कार्ड आलं. रविवारी आबांना वर्ष होत होतं. शेवटी लिहिलं होतं, 'बोलायला तूच उभा राहा. बाहेरचा कोणी बोलावणार नाही. काय सांगणार ते आधी ठरव.'

देवपूर, बुधवार

धुळ्याला पोचलो तेव्हा पांझरेत पाण्याची एक बारीक ओळ होती आणि बायका वाळूत धुणी वाळत घालत होत्या. पुण्याच्या थंडीत धुकं असतं, इथल्या थंडीत धूळ. अक्का शाळेत शिपाई आहे, मुद्दाम रजा टाकून घरी थांबली होती. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "प्रवास बरा झाला का? हातपाय धुऊन घे, मग जेवायला वाढते."

शब्द साधेच. पण आमच्या घरात असं पुस्तकी कधी बोलत नसत. पाठोपाठ शेजारीण डोकावली, तर अक्का तिला, "मना भाऊ उना वं, पुनाथीन," म्हणून मोकळी झाली. पाहुण्याशी बोलायची भाषा तिनं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. मी आपला "हो, बरा झाला" म्हणून मोरीकडे गेलो.

जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा आणि घट्ट कढी होती. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. पुण्यात ती सांगूनही कोणाला जमत नाही. दुसरी भाकरी झाल्यावर मी फळीवर पाहिलं. मी दिलेला नवा सदरा टाचण्यांसकट तिथं होता.

"जुना कुठंय?"

"तोच घालीसन धाडं त्यासले. सांगी ठेयेल व्हतं." आबांना तोच घालून पोचवलं होतं. यावेळी ती आपल्या बोलीत बोलली. रागात तिला पुस्तकी जमत नाही. "ज्यानी तुले लाज वाटे, तोच."

"डाग कसले होते ते?"

"माले काय माहीत. इचारं त सांगेत, डाग नई, दाखला शे." तिनं ताट ओढून घेतलं. "तू बठ्ठासमोर त्यासनं तोंड बंद करं. आते त्यासना नावनी पालीनी शिकवनी नको देऊ माले. त्यासले ती गोट कोनी शिकाडी, ते तरी कधी इचारं का तू?"

नव्हतं विचारलं. माझ्या प्रबंधात त्या दृष्टांताचे सगळे ठावठिकाणे होते, कोणत्या संग्रहात कुठं, कोणाच्या टीकेत काय. आबांकडे तो कुठून आला, ही नोंद करायचं मात्र मला सुचलं नाही. रविवारला चार दिवस होते. मी पिशवी पुन्हा भरली.

नशिराबाद, गुरुवार

आबांना विधी शिकवणारे गुरुजी नशिराबादला राहतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेत. दृष्टांत त्यांनीच आबांना दिला असणार आणि देताना कुठंतरी चूक झाली असणार, अशी माझी अटकळ होती. त्या अटकळीत एक सोय होती. चूक गुरुजींची ठरली, तर मी बरोबर राहणार होतो आणि आबाही निर्दोष सुटणार होते.

जळगावला उतरून एका खानावळीत शेवभाजी मागवली. वाढप्यानं वाटी ठेवता ठेवता तिची लाल तर्री माझ्या चौकड्यांच्या शर्टावर उपडी केली. "भाऊ, तेल शे, निंघाव नई," असं त्यानंच वर मला सांगितलं. अंगावर दुसरा शर्ट चढवण्यावाचून इलाज नव्हता, आणि दुसरा म्हणजे रविवारच्या विधीसाठी आणलेला पांढरा. भाजी मात्र अशी होती की भांडण विसरून मी आणखी मागितली.

नशिराबाद हमरस्त्यावरच आहे. गुरुजी ओट्यावर उन्हात बसले होते. मी ओळख सांगितली, त्यांनी हात धरून जवळ बसवलं. मी सरळ विषयाला हात घातला.

"मी कुठला शिकवतो?" ते म्हणाले. "सर, विधी मी शिकवले, गाथा पाठ करून घेतल्या. केळीचं तुमच्या वडिलांनी मला शिकवलं. मी आधी तुमच्यासारखंच सांगायचो, गाभा नाही म्हणून. उत्तमराव एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, गुरुजी, केळीच्या मुलखात असं सांगाल तर बाया हसतील."

"मग त्यांना कोणी शिकवलं?"

"ते गावाकडचं. दगानाना म्हणून त्यांच्या जोडीचा मजूर आहे, असला तर. तुम्ही कधी गावी गेला नाहीत?"

मी नाही म्हणालो. गुरुजींनी माझा हात सोडला आणि चहाला आत सांगायला उठले. ओट्यावर मी एकटा राहिलो. समोरून केळीचे ट्रक दिल्लीच्या दिशेनं जात होते, वर पानांचं झाकण. आपल्या बापाचं गाव आपण सदतीस वर्षांत पाहिलेलं नाही, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलीच नव्हती, म्हणून ती मोठी वाटली नव्हती.

चोपड्याच्या पुढे, शुक्रवार

तापी ओलांडली की मुलूख बदलतो. धुळ्याकडचं उघडंबोडकं माळरान डोळ्यांत असलेल्या माणसाला हा हिरवा रंग खरा वाटत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, मध्ये कपाशीच्या वाळक्या काड्या, आणि उत्तरेला सातपुडा निळसर आडवा पडलेला. चोपड्याहून दुसरी एसटी, मग दोन मैल पायी. गावात दगानाना कोणाला माहीत नाही असं नव्हतं. "बागमा शेत," एका बाईनं सांगितलं, "नजर गयी, पन घरमा बसतस नई."

नाना पंच्याहत्तरीचे असावेत. एका डोळ्यात फूल पडलेलं, हातात विळा. बांधावर बसून वाळकी पानं तासत होते. मी नाव सांगितलं. ते उठले, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि म्हणाले, "उत्तमना आंडोर! नाक त त्यानंच शे. तो कसा नई उना?"

आबा गेल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळवायचं काम माझं होतं. मी सांगितलं. नाना पुन्हा खाली बसले, विळा बांधात रोवला, आणि बराच वेळ पानं चाचपत राहिले. मला त्या माणसाशेजारी बसून रडता आलं असतं. मी घड्याळाकडे पाहिलं. ही माझी सवय आहे, आणि ती मला आवडत नाही.

मग मी केळीचं विचारलं. नाना एकदम हसले.

"ती गोट! दीक्षा लिधी ना, त्याना दुसरा उन्हाळाले एक भंते उनात. मोठा विद्वान. निंबखाले बसाडं त्यासले, आमी बठ्ठा मजूर समोर. त्यासनी सांगं, केयमा गाभा नई. बाया तोंडले पदर लाईसन हासाले लाग्यात. तुना बाप उभा ऱ्हायना. म्हने, भंते, निसवेल केयमा ऱ्हास."

"मग? भंते रागावले?"

"नई ना! म्हनेत, दखाड माले. तश्शे उठनात, चिवर सावरीसन बागमा चालनात. उत्तमनी दोन केया काप्यात. एक घड उतारेल, एक बिननिसवेल. दोन्ही सोल्यात त्यासना समोर. भंते बांधवर बसनात, दोन्ही हातमा लिसन देखत ऱ्हायनात. मंग म्हनेत, ग्रंथमा हाईच लिखेल शे, मीच नीट वाचं नई. आते हाई तू सांगत जाय, तुना तोंडथून बरं दिखस. उत्तमना धवळा सदरावर बठ्ठा चीक उडेल व्हता. दीक्षाना सदरा!"

नानांनी मान हलवली.

"पन बिननिसवेल केय कापी ना त्यानी. मालकले न इचारता. तुले माहीत नई, आमनाकडे निसवाना पहिले केयले विळा लावतस नई. मालकनी त्याच दिन त्याले बागमाईन काढं. मंग गया तो धुयाले."

म्हणजे धुळं, गिरणी, देवपुरातल्या दोन खोल्या, माझी शाळा, माझी पाली, सगळं त्या एका केळीपायी. आणि आबांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही. मला अतिशय शरम वाटली. दुसरा शब्द मला सुचत नाही.

एवढ्यात बागेचा मालक आला. चाळिशीचा, डोक्याला मफलर, सगळे त्याला भाऊ म्हणत होते. नानांनी मी कोण ते सांगितलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "याले बी देखानं शे." भाऊ थोडा वेळ माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहत राहिला.

"तेव्हा मालक माझे वडील होते," तो म्हणाला. "घरात ही गोष्ट मीही ऐकलीय, जरा वेगळी." मग तो ओळीत शिरला, एका उंच, तुकतुकीत, न निसवलेल्या केळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नाना, ही कापा."

एक घड जाणार होता. मी नको म्हणायला हवं होतं. पण मला ते पाहायचं होतं.

नानांनी आधी घड उतरवलेली एक केळ आडवी केली. सोपटं ओढत गेले, आणि आत खरोखर पांढराशुभ्र, मनगटाएवढा दांडा निघाला, थंड आणि घट्ट. मग न निसवलेली. सोपट, सोपट, सोपट. शेवटी बोटाएवढी गुंडाळी, तीही उलगडली तर कोवळी पानंच. नानांनी ओले रिकामे तळवे माझ्यापुढे धरले.

"आणि हा गाभा," मी दांडा उचलून विचारलं, "हा तरी टिकतो का?"

"कसाना टिकस! घड उतरना का आठ दिनमा सडस. तुना बाप म्हने, गाभा बी घडसाठे येस, सोतासाठे नई."

दुपारी भाऊनं बांधावरच कपाशीच्या काड्यांत वांगी भाजली. भरितात कांद्याची पात आणि शेंगदाणे होते, आणि ते केळीच्या पानावर खाल्लं. भाऊ आणि नाना पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते. मला त्यांचं अर्धं कळत होतं, आणि बोलायला गेलो की माझ्या तोंडून पुण्याचं मराठी निघत होतं.

मुक्काम नानांकडे. दिवेलागणीला खाटेवर बसून पिशवीतला ग्रंथ काढला. ते वाक्य मी शेकडो वेळा वाचलेलं आहे. त्यात केळीला विशेषणं आहेत: सरळ, कोवळी, आणि आत अजून कमळाचा दांडा न धरलेली. माझ्या भाषांतरात मी या सगळ्यांचं मिळून 'तरुण' केलं होतं. मला ती सजावट वाटली होती. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यानं कोणी हे सांगितलं, त्यानं केळ कापलेली होती. शर्टावर दुपारी पाण्याचे वाटलेले थेंब आता तपकिरी झाले होते.

देवपूर, रविवार

त्याच दोन खोडांच्या न सोललेल्या भागांतले हातभर लांबीचे दोन तुकडे गोणपाटात बांधून मी अमळनेरमार्गे धुळ्याला आणले. कंडक्टरनं विचारलं, "साहेब, घरी पूजा का?" इकडे सत्यनारायणाला केळीचे खांब लागतात. मी हो म्हणालो.

अक्कानं शर्ट पाहिला. लिंबू आणलं, चुना आणला, आणि मग कापड हातात तसंच धरून थांबली. "निंघाव नई हाऊ," ती म्हणाली. तिला डाग ओळखू आला होता. मी तिला सगळं सांगितलं, निंबापासून धुळ्यापर्यंत. ती चुलीकडे तोंड करून ऐकत होती. शेवटी तिनं फळीवरचा टाचण्यांचा नवा सदरा काढून माझ्यापुढे ठेवला. मी तो परत ठेवला आणि डागाचाच घातला.

चाळीसेक माणसं आली. त्यांतली बरीच आईच्या वेळची. त्रिशरण, पंचशील झालं. आबांचा फोटो पाटावर, मेणबत्त्या, पांढरी फुलं. मी उभा राहिलो आणि गोणपाट सोडलं. कापलेल्या कडा काळ्या पडल्या होत्या, आतली सोपटं अजून ओली होती. पहिला तुकडा सोलला, रिकामे हात दाखवले. दुसरा सोलला, दांडा वर धरला. नंतर सांगितलं की चार वर्षांपूर्वी याच खोलीत मी माझ्या वडिलांना बसवलं होतं, ते बरोबर होते आणि मी चुकलो होतो, आणि मी वाक्य अर्धंच वाचलं होतं.

जिच्याबद्दल तेव्हा बोलणं चाललं होतं ती नव्हती, आणि ज्यांना हे ऐकवायचं होतं तेही नव्हते. अक्का सोडली तर उरलेले सगळे पाहुणे होते. मी फोटोकडे वळलो. कितीतरी वर्षांत जी बोली तोंडात आली नव्हती, ती अडखळत आली.

"आबा, तुमी सांगेत तेच लिखेल शे."

दांडा मी पाटावर ठेवला आणि खाली बसलो. अक्का पदर खोचत उठली आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, "चाल रे, पानं मांडू लाग."